मान न हलवता लेकराच्या श्वासनळीत नळी : वाचकांचे प्रश्न, भूलतज्ज्ञांची उत्तरं

गळीत हंगाम सुरू झाला की कोल्हापूर जिल्ह्यातले रस्ते उसाच्या ट्रॉल्यांनी भरतात. त्यांच्यामधून वाट काढणाऱ्या दुचाकीवर पुढे टाकीवर बसलेलं मूल रोज दिसतं. उन्हाळ्यात विहिरीत सूर मारणारी पोरं असतात, गच्चीवर पतंग उडवणारी असतात. यातलं एखादं मूल बेशुद्ध होऊन दवाखान्यात येतं तेव्हा श्वास सांभाळायचा आणि मान हलू द्यायची नाही, ही दोन्ही कामं एकाच वेळी करावी लागतात. या वेळच्या बहुतेक पत्रांचा रोख त्यावरच आहे. विचारणाऱ्यांत पालक आहेत, परिचारिका आहेत आणि डॉक्टरही. त्यामुळे काही उत्तरं घरच्या भाषेत, तर काही थेट कामाच्या भाषेत दिली आहेत.

प्रश्न (पालक, कागल) : आमचा ६ वर्षांचा मुलगा गच्चीवरून पडला. मानेला पट्टा लावला होता. डॉक्टर म्हणाले, "मान न हलवता कॅमेऱ्याने नळी टाकतो." नंतर सीटी स्कॅनमध्ये मानेचं हाड शाबूत निघालं. मग एवढी खबरदारी कशासाठी होती?

त्या क्षणी मान शाबूत आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून. अपघातात सापडलेल्या मुलांपैकी मानेच्या मणक्याला इजा झालेली मुलं साधारण १ ते २ टक्केच असतात. पण बेशुद्ध मूल "मान दुखते" असं सांगू शकत नाही, आणि श्वास तर तपासण्या होईपर्यंत थांबत नाही. म्हणून इजा आहे असं धरूनच काम करायचं.

लहान मुलाची मान मोठ्यांपेक्षा वेगळी असते. डोकं शरीराच्या मानाने जड, मानेचे स्नायू कोवळे, मणक्यांना बांधणारे बंध सैल आणि मणक्यांचे सांधे आडवे. मोठ्या माणसाची मान पाचव्या-सहाव्या मणक्याशी जास्त वाकते. लहान मुलाची दुसऱ्या-तिसऱ्याशी. म्हणून ८ वर्षांखालच्या मुलांत इजा झालीच तर ती बऱ्याचदा वरच्या मणक्यांना होते, आणि श्वासाच्या पडद्याला जाणाऱ्या नसा तिथून जवळच निघतात.

आणखी एक गोष्ट. बंध सैल असल्यामुळे मणका क्षणभर सरकून परत जागेवर बसू शकतो. हाड मोडत नाही, पण आतला मज्जारज्जू ताणला जातो. एक्स-रे आणि सीटीत काही दिसत नाही आणि हातापायांत मात्र कमजोरी असते. १९८२ मध्ये पँग आणि विल्बर्गर यांनी या प्रकाराला 'स्किवोरा' हे नाव दिलं. तो मुलांमध्ये जास्त आढळतो. एमआरआयमध्ये पुष्कळदा तो सापडतो. तेव्हा घरी गेल्यावर मुलाच्या हातापायांना मुंग्या येतात का, चालताना पाय लटपटतो का, लघवीवरचा ताबा गेलाय का, याकडे लक्ष ठेवा. यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी पुन्हा दाखवा.

पडलेल्या मुलाला जागेवर काय करावं, तेही विचारलंय. दंडाला धरून उचलू नका. डोक्याखाली उशी नको. लहान मुलाचं डोकं मागे मोठं असल्याने मान आधीच पुढे वाकलेली असते, उशीने ती आणखी वाकते. उलटी झाली तर डोकं, खांदे, कंबर एका रेषेत ठेवून दोघा-तिघांनी मिळून सगळं अंग एकदम कुशीवर वळवा. पाणी पाजू नका. मूल शुद्धीत असून पट्ट्याला हिसडे देत असेल, तर तो जबरदस्तीने बांधू नका. धडपडीत मान जास्त हलते. आईने समोरून चेहऱ्याजवळ बसून बोलत राहावं, त्याने मूल शांत पडून राहतं.

प्रश्न (परिचारिका, ग्रामीण रुग्णालय, गडहिंग्लज तालुका) : नळी टाकताना मान धरायचं काम माझ्याकडे येतं. कॉलर (मानेचा पट्टा) काढायची की ठेवायची? हात नेमके कुठे? डॉक्टर म्हणतात, "तोंड उघडत नाही, तुमचा हात काढा."

तुमचे हात हे या सगळ्या कामातलं सर्वांत महत्त्वाचं उपकरण आहे, आणि त्यांच्याबद्दलच सर्वांत कमी शिकवलं जातं. म्हणून सविस्तर सांगतो.

कॉलर लावलेली असताना जबडा खाली यायला जागाच नसते. म्हणून आधी तुम्ही डोकं धरायचं, "धरलं" असं मोठ्याने म्हणायचं, आणि मगच दुसऱ्याने कॉलरचा पुढचा भाग उघडायचा. मागचा भाग राहू द्यावा. नळी जाऊन बांधून झाली की पुढचा भाग परत लावायचा आणि त्यानंतरच तुम्ही हात सोडायचे. उलट क्रमाने केलं तर मधला अर्धा मिनिट मान मोकळी राहते.

उभं राहायच्या दोन जागा आहेत. एक, डोक्याच्या बाजूला, नळी टाकणाऱ्याच्या शेजारी वाकून. मोठ्या मुलांत हे जमतं. लहान मुलात दोघांची डोकी आणि चार हात एका वीतभर जागेत येतात आणि गोंधळ होतो. दुसरी, मुलाच्या छातीच्या बाजूने, तोंड त्याच्या चेहऱ्याकडे करून. कोपर गादीवर किंवा मुलाच्या छातीच्या दोन्ही अंगांना टेकवलेले, छातीवर भार मात्र नाही. ८ वर्षांखालच्या मुलात आम्ही ही दुसरी जागा पसंत करतो. डोक्याकडची सगळी जागा नळी टाकणाऱ्याला मोकळी मिळते.

हात कानांच्या मागे हवेत. बोटं कानामागच्या हाडाच्या उंचवट्यावर आणि डोक्याच्या मागच्या गोलाव्याखाली, तळवे डोक्याच्या बाजूंना. जबड्यावर एकही बोट नको. डॉक्टर "हात काढा" म्हणतात तेव्हा बहुधा तुमची करंगळी किंवा तळव्याची कड जबड्याच्या कोपऱ्यावर आलेली असते. लहान चेहऱ्यावर हे नकळत होतं, कारण आपला तळवा मुलाच्या अख्ख्या गालाएवढा असतो.

आणि ओढायचं नाही. पूर्वी डोकं किंचित ताणून धरायला सांगत. सैल बंधांच्या मानेत त्या ताणाने मणके एकमेकांपासून दूर जाऊ शकतात. तुम्ही फक्त डोकं आहे तिथे ठेवायचं. लॅरिंगोस्कोप (जीभ उचलून स्वरयंत्र दाखवणारं यंत्र) जेवढा जोर लावेल तेवढाच उलट जोर तुमचा. मान सरकतेय असं हाताला जाणवलं तर लगेच "मान हलली" असं म्हणा. ते सांगणं उद्धटपणाचं नाही. नळी टाकणाऱ्याचे डोळे पडद्यावर असतात, मानेची खबर फक्त तुमच्या हातांना असते.

हे सगळं करण्याआधी पाठीखाली घडी घाला. सपाट बोर्डवर ८ वर्षांखालचं मूल निजवलं की मोठ्या मागच्या डोक्यामुळे हनुवटी छातीकडे जाते. खांद्यापासून कमरेपर्यंत साधारण अडीच सेंटिमीटर जाडीची चादरीची घडी सरकवली की चेहरा छताला समांतर होतो आणि कानाचं भोक खांद्याच्या रेषेत येतं. बाळ जितकं लहान तितकी घडी थोडी जाड लागते. फक्त खांद्याखाली गुंडाळी ठेवू नका. तिने मान मागे पडते. घडी सरकवतानाही सगळं अंग एकत्रच उचलायचं.

प्रश्न (निवासी डॉक्टर, कोल्हापूर) : मान धरलेल्या मुलात व्हिडिओ लॅरिंगोस्कोपने स्वरतंतू पडद्यावर पूर्ण दिसतात, तरी नळी आत जात नाही. पुढे अडकते किंवा मागे अन्ननलिकेकडे घसरते. चूक कुठे होते?

हा प्रश्न आला याचा आनंद झाला, कारण "कॅमेरा आहे, आता सोपं" या समजुतीचा फटका इथेच बसतो.

साध्या लॅरिंगोस्कोपने तोंडापासून स्वरयंत्रापर्यंत डोळ्याची सरळ रेषा करावी लागते. त्यासाठी मान वाकवून डोकं मागे न्यायचं असतं. मान धरलेली असली की ती रेषा जुळत नाही. कॉरमॅक आणि लेहान यांनी १९८४ मध्ये स्वरयंत्र किती दिसतं याच्या ज्या ४ पायऱ्या ठरवल्या, त्यात मान धरल्यावर एक-दोन पायऱ्यांची घसरण सहज होते. कॅमेरा ब्लेडच्या (तोंडात घालायच्या पात्याच्या) टोकाजवळ असतो, म्हणून त्याला सरळ रेषा लागत नाही. तो कोपऱ्यापलीकडचं पाहतो. पण नळीला तो कोपरा वळून जावंच लागतं. डोळ्याची वाट आणि नळीची वाट वेगळी झाली, ही तुमची अडचण आहे.

पहिली गोष्ट ब्लेडची निवड. व्हिडिओ ब्लेड दोन घराण्यांचे असतात. एक मिलर (सरळ) किंवा मॅकिन्टॉशच्या (थोड्या वाकलेल्या) घडणीचे, फक्त टोकाला कॅमेरा असलेले. दुसरे खूप वाकवलेले, डी-ब्लेड किंवा ग्लाइडस्कोपसारखे. पहिल्यात नळी नेहमीच्या वाटेनेच जाते, स्टायलेटचा (नळीत घालायच्या, वाकवता येणाऱ्या तारेचा) बाक थोडा पुरतो, आणि पडदा बंद पडला तरी थेट तोंडात पाहून काम पुढे नेता येतं. दुसऱ्यात पुढे चढलेलं स्वरयंत्रही दिसतं, पण स्टायलेटशिवाय नळी जात नाही. आमचं मत असं : मान धरलेली आहे, पण जबडा आणि तोंड ठीक आहे, अशा मुलात आधी पहिल्या घराण्याचं ब्लेड घ्या. तोंड कमी उघडतं, जबडा लहान आहे, किंवा पहिल्याने काही दिसलं नाही, तर दुसरं.

२०२० साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या चाचणीत एक वर्षाखालच्या बाळांमध्ये नेहमीच्या घडणीच्या व्हिडिओ ब्लेडने पहिल्याच प्रयत्नात नळी जाण्याचं प्रमाण ९३ टक्के आणि साध्या लॅरिंगोस्कोपने ८८ टक्के होतं. हे ऑपरेशन थिएटरमधलं, भूलतज्ज्ञांच्या हातचं चित्र आहे, मान धरलेल्या अपघातग्रस्त मुलांचं नव्हे. आणि व्हिडिओ ब्लेडमुळे मज्जारज्जूची इजा टळते असं सिद्ध झालेलं नाही. जोर कमी लागतो, हे मात्र हाताला कळतं.

आता हात. नजर चार वेळा बदलायची. ब्लेड जिभेवरून आत जाताना तोंडात पाहा. मग पडद्यावर पाहून दृश्य जुळवा. नळी तोंडात घालताना पुन्हा तोंडात पाहा, आणि नळीचं टोक ब्लेडच्या मागून पडद्यावर आलं की परत पडद्यावर. तिसरी नजर लोक हमखास चुकवतात. पडद्यावर डोळे खिळवून नळी आंधळेपणाने ढकलली की ती टाळूला किंवा टॉन्सिलला भोक पाडू शकते. मुलाचे टॉन्सिल मोठे असतात, रक्त येतं, आणि मग कॅमेऱ्याला काहीच दिसत नाही.

दुसरं, दृश्य फार चांगलं करू नका. स्वरतंतू पूर्ण पडदाभर दिसतात तेव्हा ब्लेड जास्त आत गेलेलं असतं. त्याने स्वरयंत्र आणखी पुढे उचललं जातं आणि नळीला वळायला जागा उरत नाही. ब्लेड अर्धा ते एक सेंटिमीटर मागे घ्या, थोडं सैल सोडा. स्वरयंत्र पडद्याच्या वरच्या अर्ध्या भागात आलं, अर्धंच दिसलं, तरी चालेल. बहुतेक वेळा एवढ्यानेच नळी जाते.

नळी मागे घसरत असेल तर स्टायलेटचा बाक कमी पडतोय. खूप वाकलेल्या ब्लेडसाठी स्टायलेटला त्या ब्लेडचाच बाक द्या, टोकाशी साधारण ६० अंश. स्टायलेटला जेली लावा, आणि त्याचं टोक नळीच्या टोकाच्या आतच, अर्धा ते एक सेंटिमीटर मागे ठेवा. नळी उजव्या गालाच्या कोपऱ्यातून, आडवी धरून आत घ्या आणि आत गेल्यावर उभी करा.

नळी स्वरतंतूंच्या मधून शिरली आणि पुढे अडली, तर ती श्वासनळीच्या पुढच्या भिंतीला टेकलेली असते, कारण बाक वर आणि श्वासनळी खाली उतरते. ढकलू नका. नळी जागेवर धरून मदतनीसाला स्टायलेट २-३ सेंटिमीटर मागे ओढायला सांगा, मग नळी घड्याळाच्या दिशेने पाव वळसा फिरवून पुढे सरकवा. तरीही क्रिकॉइड कड्यापाशी (स्वरतंतूंखालच्या कूर्चेच्या कड्यापाशी) अडत असेल तर अर्ध्या नंबरने लहान नळी घ्या. तिथे जोर लावला तर सूज येते आणि नळी काढल्यावर बाळ घरघरतं. बूजीचाही (आधी आत घालून जिच्यावरून नळी सरकवतात त्या लवचिक कांडीचाही) उपयोग होतो. १० फ्रेंचची लहान मुलांची बूजी ४ ते ६ नंबरच्या नळीत बसते.

रक्त किंवा उलटी असेल तर ब्लेडच्या आधी सक्शन आत जाऊ द्या, ब्लेड त्याच्या मागे. आणि सक्शन तोंडाच्या डाव्या कोपऱ्यात तसंच सोडून द्या. भिंगावर एक थेंब आला तरी पडदा लाल होतो.

वेळ कोण मोजतंय? एका प्रयत्नाला ३० सेकंद, किंवा सॅच्युरेशन (रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण) ९३ टक्के झालं की थांबायचं, यातलं जे आधी येईल ते. मोजणारा माणूस वेगळा हवा. पडद्यावर स्वरतंतू दिसत असताना "आत्ता जाईल" असं वाटत राहतं आणि मिनिट उलटतं. दुसऱ्या प्रयत्नाआधी काहीतरी बदला : ब्लेड, बाक, नळी किंवा हात. दोन प्रयत्न फसले तर तिसरा सर्वांत अनुभवी व्यक्तीचा.

प्रश्न (इंटर्न) : अशा मुलासाठी नळीचा नंबर, खोली आणि औषधं पटकन कशी ठरवायची? एक उदाहरण द्याल?

६ वर्षांचं, २० किलोचं मूल घेऊ. कफ (टोकाजवळचा फुगवायचा फुगा) असलेल्या नळीसाठी वय भागिले ४ अधिक साडेतीन. म्हणजे ५ नंबर. कफ नसलेलीसाठी अधिक ४, म्हणजे साडेपाच. शेजारी अर्धा नंबर लहान आणि अर्धा मोठा उघडून ठेवा. ओठाशी खोली, वय भागिले २ अधिक १२. इथे १५ सेंटिमीटर. नळीच्या नंबरची तिप्पट केली तरी १५ येते. ही सूत्रं २ वर्षांवरच्या मुलांना लागू पडतात.

भुलीसाठी केटामिन १ ते २ मि.ग्रॅ. प्रति किलो, म्हणजे २० ते ४० मि.ग्रॅ.; रक्तदाब खाली असेल तर त्याच्या निम्मं. वायल बहुधा मि.ली.ला ५० मि.ग्रॅ. असते, म्हणून पातळ करून सिरिंजवर चिठ्ठी लावा. स्नायू सैल करायला रोक्युरोनियम १.२ मि.ग्रॅ. प्रति किलो, म्हणजे २४ मि.ग्रॅ.; मि.ली.ला १० मि.ग्रॅ. असेल तर २.४ मि.ली. नाडी मंदावली तर म्हणून अॅट्रोपिन ०.०२ मि.ग्रॅ. प्रति किलो भरून तयार. हे आकडे वरिष्ठांसमोर मोठ्याने वाचून मगच द्या.

औषध दिल्यावर बॅग अजिबात दाबायची नाही, हा मोठ्यांचा नियम मुलांना लावू नका. तान्ह्या बाळाचा ऑक्सिजनचा खर्च किलोमागे मोठ्यांच्या जवळपास दुप्पट आणि फुप्फुसातला साठा कमी. आधी नीट ऑक्सिजन दिलेला असला तरी श्वास थांबल्यापासून दीड-दोन मिनिटांत सॅच्युरेशन ९० वर येतं. म्हणून हलक्या हाताने, १० ते १२ सेंटिमीटर पाण्याएवढ्या दाबाने श्वास देत राहा. नाकात कॅन्युलाने ऑक्सिजन चालू ठेवा. वायुमार्ग उघडायला हनुवटी वर करून डोकं मागे नेऊ नका, फक्त जबडा दोन्ही बाजूंनी पुढे ढकला. स्वरयंत्रावर बाहेरून दाब देण्याची सक्तीही नको. मुलांचं कूर्चेचं कडं मऊ असतं, दाबाने दृश्यच बिघडतं.

नळी आत आहे याची खूण एकच, कॅप्नोग्राफवर (बाहेर पडणाऱ्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड दाखवणाऱ्या यंत्रावर) ५-६ श्वास टिकणारी लाट. छाती दोन्हीकडे उचलते का, श्वासाचा आवाज येतो का ते त्यानंतर बघा, कारण लहान मुलाच्या पोटातला आवाजही छातीवर ऐकू येतो. कफचा दाब मीटरने मोजा, २० सेंटिमीटर पाण्याच्या वर नको. मग तोंडावाटे पोटात नळी टाकून हवा काढा. फुगलेलं पोट श्वास अडवतं. कवटीच्या तळाला मार असण्याची शंका असेल तर नाकातून काहीही घालायचं नाही. आणि एक लक्षात ठेवा : हनुवटी छातीकडे गेली की नळी खोल जाते, डोकं मागे पडलं की वर येते. तान्ह्या बाळाची श्वासनळी जेमतेम ४-५ सेंटिमीटर, तिथे एका सेंटिमीटरने नळी एकाच फुप्फुसात उतरते किंवा बाहेर येते. कॉलर परत लावल्यावर ओठाशी आकडा पुन्हा वाचा.

प्रश्न (१०८ रुग्णवाहिकेवरील डॉक्टर, गगनबावडा परिसर) : घाटात अपघात झाला तर जागेवरच नळी टाकावी का?

मास्क आणि बॅगने छाती उचलत असेल आणि सॅच्युरेशन टिकत असेल, तर नाही. गगनबावड्याहून कोल्हापूर सुमारे ५५ किलोमीटर आहे. नीट बसलेला मास्क, जबडा पुढे ढकलणारा दुसरा माणूस आणि चालू सक्शन यांच्या जोरावर ते अंतर कापता येतं. मास्कने जमत नसेल तर आय-जेल, म्हणजे स्वरयंत्राच्या तोंडावर बसणारं मऊ साधन. त्याला मान हलवावी लागत नाही. ५ ते १२ किलोला दीड नंबर, १० ते २५ किलोला २, २५ ते ३५ किलोला अडीच. निघण्याआधी पुढच्या दवाखान्यात फोन करून "मान धरलेलं मूल, वजन अमुक" एवढं सांगा. तुम्ही पोचेपर्यंत तिथे ब्लेड निवडून ठेवलेलं असेल.

मास्कही नाही, आय-जेलही नाही आणि सॅच्युरेशन पडतंय, तेव्हा नळी टाकून बघावीच लागते. अशा वेळी श्वास आधी, मान नंतर. मान धरून ठेवल्यामुळे काहीच दिसत नसेल तर धरणाऱ्याला पकड थोडी सैल करायला सांगावी. श्वासाविना जाणारी मिनिटं मेंदूला नक्की इजा करतात. मानेच्या इजेची फक्त शक्यता असते.

प्रश्न (ओटी टेक्निशियन, इचलकरंजी) : व्हिडिओ लॅरिंगोस्कोपच्या पडद्यावर धुकं येतं. ब्लेड स्वच्छ असूनही. उपाय?

एसी थिएटरमधलं गार भिंग मुलाच्या उबदार, ओलसर श्वासात गेलं की त्यावर वाफ धरते. वापराच्या १-२ मिनिटं आधी दिवा चालू करून ठेवा, किंवा ब्लेडचं टोक कोमट सलाइनमध्ये बुडवून पुसून घ्या. वाफ असेल तर भिंग उबदार झाल्यावर अर्ध्या-एक मिनिटात निवळते. निवळली नाही तर ते धुकं नव्हेच. भिंगावर जंतुनाशकाचा सुकलेला थर किंवा खरखरीत गॉजने पडलेले ओरखडे आहेत. म्हणून वापर होताच, रक्त सुकण्याआधी, मऊ कापडाने पुसा. मग एन्झाइमचं द्रावण, मग उत्पादकाने सांगितलेलं जंतुनाशक सांगितलेल्या वेळेइतकंच, आणि शेवटी भरपूर पाण्याने धुणं. कॅमेऱ्याचे बरेच ब्लेड ऑटोक्लेव्हमध्ये चालत नाहीत, माहितीपुस्तिका पाहिल्याशिवाय टाकू नका. एकदाच वापरायचं आवरण एकदाच.

बॅटरी रोज सकाळी ड्युटी बदलताना पाहा आणि वहीत सही करा. पावसाळ्यात वीज जाते तेव्हा चार्जरला लावलेलं यंत्र चार्ज झालेलंच असेल असं धरू नका. पेटीत साधा लॅरिंगोस्कोप, त्याचे सेल आणि मिलर ०, १, मॅकिन्टॉश २ ही ब्लेडं कायम असावीत.

प्रश्न (लहान नर्सिंग होम, जयसिंगपूर) : पाइप तपासायचा यूएसबी कॅमेरा साध्या ब्लेडला बांधून मोबाइलवर पाहता येतो. मुलांसाठी चालेल का?

पैसे वाचवण्यामागची तळमळ समजते, पण मान धरलेल्या मुलासाठी नको. असे कॅमेरे बहुधा साडेपाच मिलिमीटर जाडीचे असतात. लहान ब्लेडच्या शेजारी ते बसले की नळीची जागाच ते खातात. अनेकांचं चित्र ३ सेंटिमीटरच्या पलीकडेच स्पष्ट होतं, आणि बाळाचं स्वरयंत्र भिंगापासून त्याहून जवळ असतं. मोबाइलवर चित्र अर्धा क्षण उशिरा येतं किंवा गोठतं, आणि तोवर हात पुढे गेलेला असतो. चिकटपट्टी लाळेने सुटून तुकडा घशात पडण्याची भीती वेगळीच. पाण्यात टिकणारा कॅमेरा जंतुनाशकात टिकेल असंही नाही. त्यापेक्षा लहान ब्लेडसहित एक साधं पण वैद्यकीय मान्यतेचं यंत्र दोन-तीन नर्सिंग होमनी मिळून घ्यावं. विकत घेताना पडदा किती मोठा हे नंतर विचारा, ०, १ आणि २ नंबरची ब्लेडं मिळतात का आणि ती सुटी मिळत राहतील का, हे आधी.

प्रश्न (पालक, राधानगरी) : आमच्या मुलीला डाउन सिंड्रोम आहे. टॉन्सिलचं ऑपरेशन ठरलंय. "मान जपावी लागेल" असं भूलतज्ज्ञ म्हणाले. तिला तर कधी मार लागलेला नाही.

बरोबर सांगितलं त्यांनी. या मुलांमध्ये मानेच्या पहिल्या दोन मणक्यांमधला बंध सैल असू शकतो, त्याला मार लागावा लागत नाही. लक्षणं नसताना काढलेल्या एक्स-रेवर पूर्ण भरवसा ठेवता येत नाही, म्हणून ऑपरेशनमध्ये मान सरळ, मधल्या स्थितीतच ठेवतात. टॉन्सिलच्या ऑपरेशनला डोकं मागे नेलं जातं, म्हणून हे बोलणं सर्जनशीही व्हायला हवं. भूलतज्ज्ञ आणि सर्जन दोघांना एकाच वेळी भेटायची विनंती करा.

भेटीत न विचारता सांगा : अलीकडे चाल बदलली का, जिना चढताना दमते किंवा अडखळते का, मान एका बाजूला धरते का, हातातली वस्तू सुटते का, आधी ताबा असलेली लघवी आता कपड्यात होते का. यातलं एकही असेल तर ऑपरेशन पुढे ढकलून आधी मानेची तपासणी. झोपेत घोरते का आणि श्वास मध्येच थांबतो का, हेही सांगा. जमलं तर रात्रीचा एक मिनिटाचा व्हिडिओ दाखवा. हृदयाचं ऑपरेशन झालं असेल तर त्याची फाइल बरोबर न्या. या मुलांची श्वासनळी स्वरयंत्राखाली बऱ्याचदा अरुंद असते, म्हणून वयाच्या हिशेबापेक्षा अर्धा नंबर लहान नळी लागते, आणि भुलीच्या वायूने नाडी मंदावण्याची प्रवृत्ती असते. तुमच्या डॉक्टरांना हे ठाऊक असेलच.

प्रश्न (स्टाफ नर्स, कोल्हापूर) : डोक्याला हॅलोची (मान स्थिर ठेवणारी, कवटीला स्क्रूने बसवलेली) लोखंडी चौकट असलेल्या मुलाला नळी टाकायची वेळ आली तर?

इथे मान हलवायची नाही एवढंच नसतं, ती हलूच शकत नाही; आणि पुढच्या सळ्या मास्कच्या आड येतात. म्हणून शक्यतो श्वास चालू ठेवून, थिएटरमध्ये, लवचिक फायबरऑप्टिक दुर्बिणीने नळी टाकतात. व्हिडिओ ब्लेडने वाट दाखवायची आणि दुर्बीण नळीतून आत न्यायची, अशी दोन्हींची जोडही चालते. वॉर्डात तुमच्या हातात एक गोष्ट आहे. चौकटीच्या जॅकेटचा पुढचा भाग उघडायचा पाना मुलाच्या पलंगालाच, दोरीने बांधलेला हवा. हृदय थांबलं तर छाती दाबायला तोच लागतो. कपाटात ठेवलेला पाना रात्री अडीच वाजता सापडत नाही. कोणते स्क्रू सोडायचे तेही रंगीत पट्टीने खुणावून ठेवा, आणि ड्युटी बदलताना एकीने दुसरीला पाना हातात देऊन दाखवा.